पीकॉक ईल 12 दिवस उपाशी आहे, काहीच खात नाही. काय करू?

तीन_फुटी_टँक (कराड)

नमस्कार मंडळी. टँक 3 फुटी, साधारण दीडशे लिटर. सहा टायगर बार्ब आणि दोन मोली दोन वर्षांपासून मजेत आहेत. बारा दिवसांपूर्वी लेकीच्या हट्टापायी एक पीकॉक ईल आणली (सापासारखा लांबट मासा). साडेचार इंच लांब, पेन्सिलीएवढी जाड, शेपटीकडे मोरपिसावर असतात तसे काळे डोळे. लेकीने नाव ठेवलंय सुतळी.

आल्यापासून सुतळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात जी शिरली ती शिरलीच. फक्त नाक बाहेर. दुकानदार म्हणाला होता "काहीपण खाते". फ्लेक्स टाकले, बुडणारे दाणे टाकले, उकडलेला वाटाणासुद्धा सोलून टाकला. सगळं बार्ब खाऊन मोकळे. ते आता इतके सुटलेत की फोटो काढला तर गप्पी मासे वाटतील, गाभण. पुन्हा दुकानात गेले तर निळं औषध आणि मूठभर खडे मीठ टाकायला सांगितलं. अजून टाकलेलं नाही.

एक अडचण आधीच सांगते. सासूबाई माळकरी आहेत. घरात अंडंही येत नाही. त्यामुळे "फ्रीजरमध्ये अळ्या ठेवा" हा सल्ला मी यूट्यूबवर ऐकलाय आणि मनातल्या मनात हात जोडलेत. अळ्यांशिवाय काही जमेल का?

जुना_काचवाला

औषध आणि मीठ दोन्ही राहू द्या. ती आजारी नाही. या जातीची कातडी नाजूक, खवले अगदी बारीक, औषध तिला लगेच लागतं.

आधी ती खंगलीय का बघा. डोक्यामागे पाठ धारदार, चिमटल्यासारखी दिसते का? नसेल तर घाबरू नका. नवीन आणलेली ईल आठवडा दोन आठवडे तोंड न लावता सहज काढते.

आता खरं कारण. ती रात्रीची आहे आणि तुम्ही तिला दिवसा वाढताय, तेही टायगर बार्बच्या पंगतीत. टायगर बार्बपुढे मीही उपाशी राहीन. रात्री आधी बार्बना टँकच्या दुसऱ्या टोकाला पोटभर द्या. लाइट बंद करा. अर्ध्या तासाने तिचं जेवण, थेट पाइपच्या तोंडाशी. औषधाच्या सिरिंजला एअर पंपाची हातभर नळी जोडा, त्यातून हळू सोडा. तेवढा वेळ फिल्टर बंद, नाहीतर सगळं वाहून जातं. पण परत चालू करायला विसरू नका. मी एकदा विसरून झोपलो, सकाळी अर्धे मासे वर तोंड काढून उभे होते.

आणि ताई, ही जात जन्माने मांसाहारी. वाटाण्याकडे ती बघणारसुद्धा नाही. फ्रोझन ब्लडवर्मचा (त्याच फ्रीजरमधल्या लाल अळ्या) एक चौकोन टँकच्याच पाण्यात वाटीत विरघळवा. सुरुवातीला पाव चौकोन पुरे.

संगमाचा_पोरगा

अहो कराडकर, तुमची सुतळी म्हणजे आपल्या वामेची मावसबहीण! कृष्णा-कोयनेत वाम मिळते ना, तीच खानदान. ही दुकानातली बाहेर देशातली, एवढाच फरक. आमचे आजोबा वामेला गळ टाकायचे तो दिवस मावळल्यावर, आणि गळाला गांडूळ. दुसरं काही लावलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून सांगतो, गांडूळ द्या. कुंडीखालच्या ओल्या मातीतलं, बारीक. फवारणी झालेल्या रानातलं अजिबात नको. आणि गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल पट्टेवाली नकोत. त्यांच्या अंगातून पिवळं, कडवट वासाचं पाणी सुटतं, मासे तोंडात घेऊन थुंकतात. गांडूळ धुवा, दोन तास ओल्या कागदात ठेवा म्हणजे पोटातली माती निघते, मग तुकडे. फ्रीजर लागत नाही, सासूबाईंचा प्रश्न मिटला. (तुकडे करताना त्या शेजारी नसाव्यात, एवढं तुम्ही बघा.)

टँकमध्ये तळाला काय आहे?

तीन_फुटी_टँक

रंगीत खडी. निळी-पांढरी. हसू नका, लेकीची निवड.

संगमाचा_पोरगा

हसत नाही. पण काढा ती. वाम वाळूत पुरून घेते, नुसतं नाक वर. खडीत शिरायला गेली तर पोट सोलवटतं, आणि लपता आलं नाही की भूकही मरते. नदीची बारीक वाळू, चाळून, पाणी नितळ होईस्तोवर धुतलेली, दोन इंच. क्रश सँड नको, तिला धार असते.

गप्पीप्रेमी_07

जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) टाका, एका दिवसात खाईल. माझा अनुभव.

जुना_काचवाला

खाईल, पण ते येतात गटाराच्या गाळातून. सोबत काय घेऊन येतील सांगता येत नाही. गांडूळ घरच्या कुंडीतलं असताना तो धोका कशाला?

तीन_फुटी_टँक

नऊ दिवसांनी लिहितेय. वाळू रविवारी घातली. बांधकामावरून बादलीभर आणली, धुताना अकरा पाणी झाली. सुतळी दहा मिनिटांत गायब! मला वाटलं मेली. मग कोपऱ्यात वाळूतून नाक दिसलं.

गांडूळ पहिले दोन दिवस तसंच पडून राहिलं, सकाळी काढून टाकलं. तिसऱ्या रात्री टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून बसले. नाकाच्या टोकाला दोन बारीक नळ्या आहेत, त्या आधी हलल्या. मग अख्खं थोबाड वाकडं करून तुकड्याच्या भोवती फिरवलं, वास घेतल्यासारखं. आणि एकदम शेवई ओढावी तसा तुकडा आत. लेक इतक्या जोरात ओरडली की सुतळी परत वाळूत. काल मात्र तीन तुकडे खाल्ले. पाठ भरलेली दिसतेय.

सासूबाईंना मी "कुंडीतली माती बदलतेय" असं सांगितलं होतं. काल त्याच म्हणाल्या, तुळशीच्या कुंडीला हात लावू नकोस, बाकी कुंड्या तुझ्या.

आता एकच प्रश्न. आषाढीला चार दिवस घर बंद असेल. शेजाऱ्यांना गांडूळ कापायला सांगू शकत नाही. सुट्टीत हळूहळू विरघळणारा तो खाद्याचा पांढरा ठोकळा टाकून जाऊ का?

जुना_काचवाला

ठोकळा नको, पाणी खराब करतो आणि ती खाणारही नाही. चार दिवस काही होत नाही, एरवीही तिला एक दिवसाआड पुरे. निघण्याआधी झाकणात वायर जाते ती फट स्पंजने बंद करा. ईल तिथूनच बाहेर पडते.