१ एप्रिलला माझे १,८०६ युनिट गेले कुठे?

वहीवाल्या काकू (कराड)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गणित शिकवायचे. हिशोब जुळला नाही की मला झोप येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

२०२४ च्या दिवाळीनंतर लगेच गच्चीवर ५ किलोवॉटचं सोलर बसवलं. मला ३ पुरेसं वाटत होतं. पण बसवणारा मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "काकू, पाचच घ्या. बिल शून्य, आणि वर वीज कंपनी तुम्हाला पैसे देईल." यांना ते "वर पैसे" फार आवडले. मग काय, पाच!

तेव्हापासून रोज सकाळी सातला मीटरचं रीडिंग वहीत उतरवते. फेब्रुवारीचं पान सांगते. सोलरच्या इन्व्हर्टरच्या ॲपवर निर्मिती ५९० युनिट. मीटरवरून बाहेर गेले ४६५, बाहेरून आत आले ७५. सुरुवातीला मला वाटलं, ५९० आणि ४६५ मधले १२५ युनिट मीटरनेच गिळले. तीन आठवडे मी त्या मीटरवर दात ठेवून होते. मग डोक्यात प्रकाश पडला की ते १२५ आम्हीच दिवसा वापरले, मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. त्यात रात्रीचे ७५ मिळवले की घराचा वापर २००. शिल्लक ३९०, ती बिलात पुढच्या महिन्यात ओढली. इथवर सगळं चोख.

असं करत मार्चअखेर १,८०६ युनिट जमले. म्हटलं, जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा ही पुंजी काढू. आणि मे महिन्यात एप्रिलचं बिल हातात आलं, तर मागील शिल्लक शून्य!

हे म्हणतात, "जाऊ दे, बिल तरी कुठे येतंय." पण मी कशी जाऊ देऊ? कुणी सांगेल का, हे युनिट गेले कुठे?

खांबावरचा

काकू, ३१ वर्षं वायरमन होतो, आता घरी बसून लोकांची बिलं वाचून देतो. मीटर बरोबर, बिलही बरोबर.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत सोलरचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरलंय. त्या वर्षात युनिटला युनिट मिळतं. नोव्हेंबरला दिलेलं फेब्रुवारीत परत घ्या, कुणी विचारणार नाही. ३१ मार्चला जे उरेल ते कंपनी विकत घेते आणि १ एप्रिलला पाटी कोरी. विकत घेण्याचा दर आयोग ठरवतो, आणि तो तुम्ही घरासाठी मोजता त्या दराच्या जवळपाससुद्धा नसतो. बिलात समायोजनाची ओळ शोधा. एप्रिलच्या बिलात नसेल तर पुढच्यात बघा.

आता कडू बोलतो. तुमचा वर्षाचा वापर किती?

वहीवाल्या काकू

वहीवरून अंदाजे २,८००. एप्रिल-मे जास्त, बाकी महिन्याला दोनशेच्या आसपास.

खांबावरचा

आपल्या भागात एक किलोवॉट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो. ३ किलोवॉटचे वर्षाला झाले ३,६०० च्या वर. तेवढ्यातच तुमचं घर चालून उरतं. वरचे दोन किलोवॉट तुम्ही कंपनीसाठी लावलेत.

त्यात पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. पुढे पाच लावा नाहीतर आठ, रुपयाही वाढत नाही. म्हणजे ते दोन किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून.

आणखी एक गोष्ट, जी विकायला येणारा सांगत नाही. बिलात १०० युनिटांच्या वर गेलं की दर साधारण दुप्पट होतो. बिल उरलेल्या युनिटांवर लागतं, म्हणून सोलरने सगळ्यात आधी वाचतात ते वरच्या टप्प्यातले महाग युनिट. पहिला किलोवॉट सगळ्यात जास्त कमावतो, दुसरा त्याहून कमी, आणि तुमचा चौथा-पाचवा घाऊक भावात जातो. स्थिर आकार तर काही केलं तरी सुटत नाही, तेव्हा "बिल शून्य" हेही खरं नाही.

नवखा_सोलरवाला

मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे भर दुपारी लाइट गेली की सोलरपण बंद पडतं. वर एवढं ऊन असताना! बिघाड आहे का?

खांबावरचा

बिघाड नाही. लाइट गेली की खांबावर माझ्यासारखा कुणीतरी चढलेला असतो. तुमची वीज त्या तारेत आली तर तो खाली जिवंत उतरणार नाही. म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. बॅटरीवाला घेतला तर गोष्ट वेगळी.

फ्रीमाँटकर

काकू, मी कॅलिफोर्नियात असतो, मूळ गाव सांगली. आमच्याकडेही वर्षाचा हिशोब असतो, पण तारीख प्रत्येक घराची वेगळी. यंत्रणा चालू करायची परवानगी मिळाली त्या दिवसापासून बारा महिने. आमचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि ते फार सोयीचं पडतं, कारण उन्हाळ्यात साठवलेलं आम्ही हिवाळ्यात संपवतो आणि मार्चला हात रिकामे असतात. वर्षअखेर जे उरतं त्याचे इथेही किरकोळच पैसे मिळतात.

आम्ही २०२१ मध्ये बसवलं, त्यामुळे जुना नियम २० वर्षं लागू. माझी मेहुणी २०२३ च्या १४ एप्रिलनंतर अर्ज करणाऱ्यांत सापडली. त्यांना युनिटला युनिट मिळत नाही. बाहेर दिलेल्या विजेचा भाव तासातासाला वेगळा, आणि सरासरीने जुन्यापेक्षा साधारण तीन चतुर्थांश कमी. म्हणून तिने बॅटरी घेतली. दुपारचं साठवते, रात्री वापरते, कंपनीला शक्यतो काही देतच नाही.

वहीवाल्या काकू

फ्रीमाँटकर, तुमचं वाचून मी वहीत बारा रकाने आखले. तुमचे अंधारे महिने डिसेंबर-जानेवारी, म्हणून तुम्हाला मार्च लाभतो. आमचे अंधारे महिने जुलै ते सप्टेंबर. एप्रिल-मे-जूनचं आम्ही पावसात वापरू, ते ठीक. पण ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने जे जमतं, ते पावसाळा यायच्या आतच पुसलं जातं. आमचं वर्ष ३० सप्टेंबरला संपायला हवं होतं! ही तारीख ठरवणाऱ्याने आकाशाकडे बघितलं नाही, फक्त जमाखर्चाच्या वहीकडे बघितलं. (मीही वहीच बघते म्हणा.)

खांबावरचे भाऊ, समायोजनाची ओळ पुढच्या बिलात सापडली. रकमेला १,८०६ ने भागलं आणि तो भाव यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्या स्वस्तात विकण्यापेक्षा आपणच वापरू." तेव्हा हिवाळ्यात आंघोळीचं पाणी गीझरवर, आणि भाजी-आमटी इंडक्शनवर. भाकरी गॅसवरच राहील, त्यात वाद नको.

बंब माळ्यावर गेला. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण तो सासूबाईंचा आहे, द्यायचा नाही.