पाचवीची एक दिवसाची सहल: चार ठिकाणांतलं काय गाळू?

पाचवी_ब:
नमस्कार मंडळी. ५८ मुलं, एक बस, जानेवारीतला एक दिवस. मोठ्या बाईंचा आग्रह आहे की शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय, चारही एकाच भाड्यात उरकायचं. मागच्या वर्षी अगदी असंच केलं. स्वारगेटला बस अडकली, डबे साडेतीनला उघडले आणि केळकरमध्ये पोरं दिवे-अडकित्ते सोडून "बाई, शू कुठे?" एवढंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी निबंध घेतला. झाडून सगळ्यांची सुरुवात 'आम्ही सकाळी सात वाजता निघालो' आणि शेवट 'खूप मजा आली'. एकानेच लिहिलं होतं की ड्रायव्हरकाका दर सिग्नलला खिडकीतून थुंकत होते. निदान त्याने काहीतरी बघितलं, म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

यंदा काय गाळू?

टेकडीवाला:
आगाखान गाळा. बाकीच्या तीन ठिकाणांच्या वाटेवर ते येतच नाही. शिवाय ते घाईत बघायचं ठिकाण नाही. १९४२ ते ४४ गांधीजी तिथे कैदेत होते, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच वारले, दोघांच्या समाध्या आहेत. आठवीच्या मुलांना स्वतंत्र न्या. आणि बुधवार टाळा, प्राणिसंग्रहालय बंद असतं.

कसब्यातली_आजी:
अहो बाई, गाळायचं काय ते मागून बघू. मुलांना विचारायचं काय, ते आधी ठरवा. मी तीस वर्षं चौथी-पाचवी शिकवली, त्यातल्या पहिल्या दहा सहली तुमच्यासारख्याच वाया घालवल्या.

माझा प्रश्न एकच असायचा: शनिवारवाड्यात मोटर नव्हती, मग कारंजं उडायचं कसं?

आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यावर बादली आणि खाली अंगणात नळी. बादली तीन पायऱ्या वर ठेवली की नळीच्या तोंडाशी बुटकं कारंजं, दहा पायऱ्या वर ठेवली की उंच. पण बादलीतल्या पाण्याच्या वर ते कधीच जात नाही. पोरं भिजतात, भिजू द्या. हे बघितलेलं मूल दुसऱ्या दिवशी कात्रजला उतरलं की आपणच म्हणतं, "बाई, ही मोठी बादली!" नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणि वाड्यापर्यंत आणलं. सगळं उतारावर. वाटेत हवा कोंडू नये म्हणून उच्छ्वास बांधले. हा शब्द मुलांना फार आवडतो, दिवसभर एकमेकांच्या कानात उच्छ्वास सोडत बसतात.

मग वाड्यात हजारी कारंजं दाखवा, सोळा पाकळ्यांचं कमळ. दिल्ली दरवाजाचे खिळे मुलं तुम्ही न सांगता मोजतील. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं हेही सांगा, नाहीतर "बाई, वाडा कुठाय?" हे ऐकावं लागतं.

शेवट गंज पेठेत, फुले वाड्यात. पाणी शहरात आलं, पण प्यायला कोणाला मिळालं? १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तिथे मी भाषण करत नसे. हौदापाशी उभं करायचं आणि गप्प बसायचं. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "म्हणजे त्याआधी ते काय प्यायचे?" त्या एका प्रश्नावर माझा पुढचा आठवडा गेला.

पाचवी_ब:
आजी, जिन्यावरचा प्रयोग आज मधल्या सुट्टीत करून बघितला. शिपाईमामा भिजले, पण खूश आहेत. मोठ्या बाईंना म्हटलं, चारऐवजी तीन ठिकाणं, पण गोष्ट एक. त्यांनी विचारलं, "वाघ बघणार ना?" म्हटलं, तलावाकडे जाता-येता बघू. केळकर पुढच्या वर्षी, नुसतं केळकर.

आता एकच अडचण: शनिवारवाड्यापाशी ५८ मुलं डबा खायला कुठे बसवू?

कसब्यातली_आजी:
बसवूच नका. कात्रजहून निघायच्या आधी डबे संपवा. आणि प्रत्येकाची बाटली भरलेली आहे ना ते बघा, पाण्याची सहल आहे.