सांगलीहून मालवण-विजयदुर्ग: तीन दिवस, सहा जण. ओहोटीची वेळ कशी साधायची?

विश्रामबाग_कट्टा:
मंडळी, मार्गशीर्षात सहा मित्र मिळून मालवणला जायचं ठरतंय. शुक्रवारी पहाटे सांगली सोडायची आणि रविवारी रात्री जेवायला घरी यायचं. गाडी अर्टिगा. शनिवारी वद्य तृतीया आहे. मुख्य ओढ किल्ल्यांची आहे: सिंधुदुर्ग निवांत बघायचा, पद्मगडावर (सिंधुदुर्गाजवळचा छोटा गड, ओहोटीला वाट उघडी पडते) चालत जायचं आणि जमलं तर विजयदुर्गही करायचा. दोघांना स्कुबा करायचंय, दोघे मार्गशीर्ष पाळतात. गगनबावड्यावरून जावं की फोंड्यावरून? विजयदुर्ग जाताना करावा की येताना? पद्मगडासाठी नेमकी वेळ कोणती, ती कशी काढायची?

खाडीकाठ:
सगळ्यात आधी ओहोटी, कारण बाकीचं वेळापत्रक त्यावरच बसतं. कोकणात चालणारा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, मोजायचं प्रतिपदेपासूनच. तृतीयेला ३ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. रात्री सव्वादोनला एक भरती, दुपारी सव्वादोनला दुसरी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. म्हणजे शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला पाणी सर्वात खाली असेल. या हिशोबात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो आणि दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोलही नसतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर होडीवाल्यांना विचारून वेळ पक्की करा.

तुमची तिथी फार चांगली पडली आहे. पौर्णिमा-अमावस्येनंतर एकदोन दिवस उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला येते खरी, पण पाणी पुरेसं हटत नाही आणि पद्मगडाची वाट उघडी पडत नाही. ‘दुपारी ओहोटी आहे’ एवढंच ऐकून जाणारे लोक इथेच फसतात. ऐन पौर्णिमेला पाणी चांगलं हटतं, पण ओहोटीची वेळ सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते. हिवाळ्यात सहाला सूर्य मावळतो, मग परतीची वाट अंधारात. तृतीयेची सकाळ या दोन्ही अडचणींतून सुटते.

चालायला सुरुवात साडेसातला, तळाच्या तासभर आधी. गडावर पाऊण-एक तास पुरतो, आत वेताळाचं देऊळ आहे. नऊच्या ठोक्याला परत फिरा. पाणी वळलं की ते वाटेच्या दोन्ही बाजूंनी चढतं आणि मध्येच मिळतं. किनाऱ्याकडे कोरडं दिसतं म्हणून माणूस रेंगाळतो आणि मधला पट्टा आधीच बुडालेला असतो. गुडघ्याच्या वर पाणी आणि त्याला ओढ असेल तर हट्टाने पार करू नका, गडावरूनच हाक मारून होडी बोलवा. पायात मागून पट्टा असलेली सँडल हवी. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. चप्पल वाळूत रुतून निघते, अनवाणी तर अजिबात नको. वाट माहीत असलेला गावातला एक माणूस बरोबर घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा.

घाटवाट:
रस्त्याचं मी सांगतो. सांगली-अंकली-जयसिंगपूर-हातकणंगले-शिरोली, मग कोल्हापुरातून फुलेवाडी-बालिंगे-कळे-गगनबावडा. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. पुढे करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे, आणि तिथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. थेट मालवण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, चहापाण्यासकट सहा तास धरा.

गगनबावड्यातून दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. करूळ रुंद आहे, पण दरडी आणि दुरुस्तीमुळे अधूनमधून बंद असतो. भुईबावडा अरुंद आहे, वळणं आवळ आहेत. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा आणि गगनबावड्यात चहाला थांबाल तेव्हा पुन्हा विचारा. दोन्ही बंद असतील तर मागे कोल्हापूर गाठून राधानगरी-दाजीपूर-फोंडा धरावा लागतो, त्यात अडीच तास जातात. फोंडा घाट वाईट नाही. पण विजयदुर्ग करायचा असेल तर तळेऱ्याला उतरणं सोयीचं.

आपल्या भागात या दिवसांत खरा धोका घाटापेक्षा उसाचा आहे. हातकणंगल्यापर्यंत आणि पुढे कुडित्र्याच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटेपासून रस्त्यावर असतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, ऊस बाजूला फूटभर बाहेर आलेला असतो. त्यात अंकली पुलापाशी आणि बालिंग्याला नदीचं धुकं. वेग ५० च्या आत, दिवा खालच्या झोताचा. वरचा झोत धुक्यात पडला की समोर पांढरी भिंत उभी राहते. शक्य असेल तर पाचऐवजी साडेपाचला निघा, म्हणजे कोल्हापूर ओलांडताना उजाडलेलं असेल.

सहा माणसं आणि सामान म्हणजे गाडी भरलेली. घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा, न्यूट्रल कधीच नको. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो, जळका वास येतो आणि नंतर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. वास आला तर मोकळ्या जागी थांबून वीस मिनिटं निवू द्या, चाकावर पाणी ओतू नका. डिझेल-पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या.

आणि हात जोडून एक विनंती: गाडी वाळूवर घालू नका. अर्टिगाची ताकद पुढच्या चाकांत आहे, ती रुतली की इंजिनाच्या वजनानेच खाली बसते. किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदीही असते. चुकून रुतलीच तर ॲक्सिलेटर दाबत बसू नका. पुढच्या टायरांची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी चाकाखाली सरकवा, सगळे खाली उतरा आणि मग हळू काढा. पक्क्या रस्त्यावर आल्यावर लगेच हवा भरायची.

तटबंदी:
विजयदुर्ग जाताना करा. त्याला होडी लागत नाही, ओहोटीही लागत नाही. तळेऱ्याहून पन्नास-एक किलोमीटर, साडेपाचला निघून अकरापर्यंत पोचाल. शुक्रवारी गर्दी नसते. रविवारी थकल्या पायांनी आणि घड्याळाकडे बघत तो किल्ला बघणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. अडीच तास द्या. तिहेरी तट, गोमुखी वळणाचा प्रवेश, सदर, खलबतखाना आणि पश्चिमेचे बुरूज, असा फेरा घाला. टॉर्च न्या. तटाचे काही भाग ढासळलेले आहेत, कडेवर उभं राहून फोटो काढू नका. पाणी बरोबर ठेवा, डिसेंबरातही दुपारी ऊन चटका देतं.

किल्ला शिलाहार भोजाच्या काळातला, महाराजांनी १६५३ मध्ये घेतला आणि नाव विजयदुर्ग ठेवलं. आंग्र्यांच्या आरमाराचं हे बळकट ठाणं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून आली, आणि तुळाजी आंग्र्यांची गलबतं इथे जळाली. पश्चिमेच्या बुरुजावर उभं राहिलं की मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार बुडवायला हात लावला हे आठवतं आणि पोटात तुटतं. गिर्ये गावाजवळ खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे, तीही बघा. तिथे ओहोटीला गाळाचाच भाग जास्त दिसतो, भरतीला तिचा आकार नीट कळतो.

किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवून ‘१८६८ मध्ये लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथून ग्रहण बघून हेलियम शोधला’ असं सांगतात. ती गोष्ट दोन ग्रहणांची सरमिसळ आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर तो खरोखर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, मोठी मोहीम घेऊन. आपल्यासाठी गंमत अशी की १८६८ चं ग्रहण इंग्रज निरीक्षकांनी पाहिलं त्यातलं एक ठिकाण जमखंडी होतं, सांगलीसारखंच पटवर्धनांचं संस्थान.

आता सिंधुदुर्ग. किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटासाठी २५ नोव्हेंबर १६६४ ला मुहूर्ताची पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. दगडावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. पद्मगडाच्या वाटेवरच दांडीला आहे, आधी तिथे थांबा, मग पुढे जा. होड्या मालवणच्या जेट्टीवरून सुटतात. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात, आणि तासात देवळं आणि विहिरींपलीकडे काही होत नाही. तटाचा घेरच सुमारे ३ किलोमीटर आहे. म्हणून चढण्यापूर्वीच सांगा: ‘आम्ही अडीच तासांनी येणाऱ्या होडीने परत येऊ.’ तिकीट जपून ठेवा, होडीचा नंबर लिहून घ्या. सकाळची वेळ धरा. सकाळी मतलई वारा असतो, पाणी शांत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की होडी हलते आणि शिंतोडे अंगावर येतात, मोबाईल पिशवीत घाला.

दिंडी दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. तिथे मिनिटभर थांबून शत्रूच्या नजरेने बघा, बांधणाऱ्याची बुद्धी कळते. आत गेल्यावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, मग शिवराजेश्वर मंदिर, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी टिकतं, कारण पावसाचं पाणी बेटाच्या खडकात मुरून खाऱ्या पाण्यावर हलकं राहतं. उपसा बेताचा असेल तोवरच. त्यात बाटली, निर्माल्य काही टाकू नका. किल्ल्यात आजही माणसं राहतात.

विश्रामबाग_कट्टा:
इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. विजयदुर्ग जाताना, हे ठरलं. स्कुबा मग रविवारी सकाळी सातला ठेवू का? दहाला निघून घाट चढू.

निळं_पाणी:
रविवारी स्कुबा ठेवू नका. बुडी मारल्यावर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. एका साध्या बुडीनंतर विमानाआधी किमान बारा तास थांबायचं असतं, आणि हाच नियम सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही लागू धरतात. गगनबावडा त्या उंचीच्या आसपास आहे. पर्यटकांची बुडी उथळ आणि थोडा वेळ असते, त्यामुळे धोका कमी, पण काही तासांतच घाट चढणं टाळता येत असताना का चढावं?

उपाय: शनिवारी सकाळी आठला ते दोघे स्कुबाला, बाकीचे चौघे पद्मगडावर, आणि साडेदहाला सगळे जेट्टीवर. रविवारी सकाळी सगळ्यांनी स्नॉर्कलिंग करा, त्याला ही अडचण नाही.

स्कुबाआधी: सर्दी असेल तर रद्द. नाक चोंदलं की कानातला दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होते. आपल्याकडे थंडीत निम्म्या लोकांना सर्दी असते, गोळी घेऊन उतरू नका, गोळीचा असर पाण्यातच संपला तर वर येताना त्रास होतो. दमा, फिट, हृदयविकार असेल तर नाहीच. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलकं खा. दर मीटरभर खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकायचं, दुखेपर्यंत थांबायचं नाही. प्रशिक्षक माणशी एक आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. उत्तरेचा वारा जोरात असेल तर पाणी गढूळ होतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचा आग्रह न धरता सोडून द्या.

देवबागच्या संगमावर शनिवारी संध्याकाळी पोहू नका. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे पाच वाजता कर्ली खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढत असेल.

आंबोळी:
राहायला तारकर्ली-देवबागऐवजी मालवणात, दांडी-वायरीच्या बाजूला बघा. साडेसातला पद्मगड गाठायचा तर चालत पोचता येईल असंच घर हवं. २४ डिसेंबर ते १ जानेवारी दर चढतात. पुढे माघ-फाल्गुनाच्या सुमाराला आंगणेवाडीची जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं कठीण.

मार्गशीर्ष पाळणाऱ्यांसाठी घरमालकिणीला सकाळीच सांगून ठेवा: काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे, आंबोळ्या, आणि चालत असेल तर रसातले शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या शेवया). ऐनवेळी खानावळीत गेलात तर बटाट्याच्या भाजीवर भागवावं लागतं, आणि तवा-तेल वेगळं आहे का हे कुणी खात्रीने सांगत नाही. मासे खाणाऱ्यांनी दुपारी मेनू कार्डापेक्षा ‘आज काय आलंय’ हे विचारावं. थंडीत बांगडा ताजा आणि स्वस्त असतो, सुरमईच्या नादात तो सोडू नका. पहाटे किनाऱ्यावर रापण (मासे धरायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर हात लावा, नाही म्हणत नाहीत.

विश्रामबाग_कट्टा:
शेवटचं विचारतो. रविवारी मालवणहून किती वाजता निघावं?

घाटवाट:
बाराच्या आत. मालवण-कसाल-कणकवली-तळेरे पावणेदोन-दोन तास, जेवण कणकवलीत. चारपर्यंत करूळचा पायथा, पाचला वर. उजेडात घाट आणि साडेसहाला कोल्हापूर. त्यानंतर ट्रॉल्यांची वेळ सुरू होते. शिरोली ते अंकली हा टप्पा ज्याची झोप पूर्ण झाली आहे त्यानेच चालवावा, आणि समुद्रावर फिरलेली गाडी सोमवारी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.