यादी सगळ्यांना उघडी नको
'अमेरिकेसारखी लैंगिक गुन्हेगारांची यादी इंटरनेटवर टाका, आपल्याकडे काहीच नाही' असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच खरं. आपल्याकडेही अशा गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सप्टेंबर २०१८ पासून आहे. एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, ती सांभाळते, पण दिसते फक्त पोलिसांना. सरसकट उघड करायला माझा विरोधच. बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काकाचं नाव झळकलं की पुतणी कोण हे कुणाला सांगावं लागत नाही, मग घरचेच तक्रार दाबतात.

इंग्लंडमधली पद्धत मला जास्त पटते. आईच्या नव्या जोडीदाराबद्दल शंका आली तर आजीसुद्धा पोलिसांत विचारू शकते. धोका दिसला तर पोलीस मुलाला जपू शकेल अशा व्यक्तीलाच सांगतात, तेही गुप्ततेच्या अटीवर. म्हणजे विचारलं आजीनं, तरी उत्तर बहुधा आईला.