कुंडीतल्या अडेनियमचे खोड बुडाशी मऊ पडले आहे

प्रश्न : आर्वीजवळच्या आमच्या गावी, शेतातली काळी माती भरलेल्या कुंडीत लावलेल्या अडेनियमचे खोड श्रावणातल्या झडीनंतर बुडाशी मऊ पडले असून बोटाने दाबल्यास तपकिरी पाणी सुटते. झाड वाचेल का?

उत्तर १ : ताई, काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून ती कपाशीला मानवते, परंतु आफ्रिका व अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशांतल्या या झाडाची मुळे तिच्यात कुजतात. आजच झाड उपटा, टणक, पांढरा गर लागेपर्यंत कुजका भाग स्वच्छ सुरीने कापा आणि आठवडाभर सावलीत सुकवून जाड वाळू व विटांचा चुरा अधिक असलेल्या मिश्रणात लावा.

उत्तर २ : चीक विषारी असतो, त्यामुळे हातमोजे घाला आणि कापलेले तुकडे शेळ्यांपुढे टाकू नका. माझे झाड असेच वाचले.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार, आताच उपटते.