आईची रेलिकची डबी आणि वाटणी

मधले काका: वाटणीच्या कागदात घर, वावर, विहीर आली. आईकडची सेंट झेविअरच्या रेलिकची, म्हणजे संताच्या अवशेषाची, डबी राहिली. आतला कण तिघांत करता येत नाही काय?

सिस्टर आत्या: नाही दादा. डबी उघडायचीच नाही. मागं लाल रेशमी धागा अन् त्यावर लाखेची मोहर आहे, खरेपणाची साक्ष तीच. मोहर तुटली की सोबतचं लॅटिन पत्र नुसता कागद. मग कोणी फादर तो कण भक्तीसाठी मांडू देणार नाही. अन् कण केवढा, तिळाएवढा! कापाल तर भुगा होईल.

मधले काका: मग झेविअरचा उजवा हात 1614 मध्ये रोमले काऊन नेला?

सिस्टर आत्या: तो जेझुइटांच्या, म्हणजे झेविअरच्याच धर्मसंघाच्या, जनरलचा हुकूम होता. आता 2017 च्या रोमच्या सूचना आहेत: लहान अवशेष शक्यतो मोहरबंद डबीतच ठेवा. विक्री तर चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 1190 नं सक्त मना. म्हणून किंमत लावून एकाच्या हिश्शात टाकणंही विसरा.

मोठी काकू: मग बाकी दोघांच्या हाती काय?

सिस्टर आत्या: वहिनी, पांढरं सुती कापड धुऊन वाळवा, तुकडे करा, प्रार्थना म्हणून डबीला टेकवा. ते तिसऱ्या प्रतीचे अवशेष. पहिली प्रत संताचा देह, दुसरी त्याच्या वापरातली वस्तू. सोबत नाव-तारखेची चिठ्ठी ठेवाच, नाहीतर नातवंडं चिंधी म्हणून फेकतील.

पुतणी: आत्या, आतल्या पट्टीवर 'एक्स ऑसिबस' आहे.

सिस्टर आत्या: म्हणजे हाडातला. पत्रावरचं नाव अन् मोहरेचा ठसा जुळतो का, फोटो काढून पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, फादरांना दाखव. पत्र लॅमिनेट करू नको.

धाकटे काका: डबी माझ्याकडे ठेवू? पण वर टिन आहे.

सिस्टर आत्या: मग उन्हाळ्यात नको. 45 अंशांत टिनाखालच्या लोखंडी कपाटात लाख मऊ पडते, धागा सरकतो. कूलरसमोरही नको, ओलीनं धागा कुजतो. मोठ्या दादाच्या मातीच्या घरातला आतला कोनाडा बरा. मेणबत्ती हातभर लांब. पितळ काळं पडलं तरी पितांबरी लावू नका, पावडर काचेच्या कडेतून आत शिरते. कोरडं फडकं बस.

मोठी काकू: तिजोरीत ठेवली तर बरकत येते म्हणतात...

सिस्टर आत्या: वहिनी, तो ताईत नव्हे!

मधले काका: ठीक. कागदात काय लिहू?

सिस्टर आत्या: डबी पत्रासह मोठ्याकडे, मालकी कोणाचीच नाही, 3 डिसेंबरच्या सणाला तिन्ही घरं तिथं जमतील. सांभाळणं जमलं नाही तर पॅरिशला द्यायची. ही ओळ मृत्युपत्रातही टाका.