मदत हवी आहे: आरएसव्हीची लस, गरोदर बायको आणि पुण्याहून येणारी आई

राहायला न्यू जर्सीत. बायकोची बाळंतपणाची तारीख 20 डिसेंबर 2025. त्यासाठी आई (वय 68, मधुमेह) नोव्हेंबरात येतेय. दोघींना आरएसव्हीची (श्वसनमार्गाला संसर्ग करणारा विषाणू) कुठली लस, कधी द्यायची? फार्मसीवाले तीन नावं सांगतात.

प्रतिसाद १:
गरोदरपणात तीनपैकी फक्त फायझरची ॲब्रिस्वो. जीएसकेची अरेक्सवी आणि मॉडर्नाची एमरेस्विया नाही. गरोदर बाईला चुकून अरेक्सवी टोचल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, तेव्हा लस तयार करायला घेण्याआधी खोक्यावरचं नाव स्वतः वाचा.

गरोदरपणाचे 32 आठवडे पूर्ण ते 36 आठवडे 6 दिवस, म्हणजे तुमच्या तारखेवरून उलटं मोजलं तर 25 ऑक्टोबर ते 28 नोव्हेंबर. शेवटावर ढकलू नका. अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचायला 14 दिवस धरतात आणि बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत.

आईंचं थोडं किचकट. वयाच्या 75 पासून पुढे सरसकट, 50 ते 74 मध्ये जोखीम असेल तर. नुसता मधुमेह त्यात धरत नाहीत. इन्सुलिन किंवा डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू हवी, नाहीतर किडनी, डोळे, नसा यांवर परिणाम झालेला हवा. एकच डोस, दरवर्षी नाही. मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नसल्याने खर्च खिशातून, तीनशे डॉलरच्या आसपास. प्रवास विमा लसीचे पैसे सहसा देत नाही.

धागाकर्ता:
आईला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. एक सांगायचं राहिलं, पहिल्या खेपेला, डिसेंबर 2023 मध्ये बायकोने ॲब्रिस्वो घेतली होती. पुन्हा घ्यायची?

प्रतिसाद १:
अहो, हे आधी सांगायचं ना! मग बायकोपुरता वरचा सगळा हिशोब रद्द. अमेरिकेत पुढच्या गरोदरपणात ती परत देत नाहीत. जुना डोस या बाळाला पुरेल असंही कोणी धरत नाही, म्हणून बाळालाच निर्सेव्हिमॅब द्यायचं. ही लस नव्हे, तयार अँटीबॉडी आहे: 5 किलोच्या आतल्या बाळाला 50 मिलिग्रॅम, मांडीत.

प्रतिसाद २:
गूगल करताना जपून. ब्रिटनमध्ये 28 आठवड्यांपासून, प्रत्येक गरोदरपणात देतात. ती पानं वाचून गोंधळ होतो.

आणि 'बाळाच्या आईने आरएसव्हीची लस घेतली आहे' एवढंच फाइलवर दिसलं तर बाळाचं इंजेक्शन राहून जाऊ शकतं. 2023 ही तारीख ठळक लिहून द्या. हॉस्पिटलात निर्सेव्हिमॅब ठेवतात का, हे आत्ताच विचारा. नसेल तर बाळाच्या डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यातली वेळ आधीच घेऊन ठेवा.